दोन विहिणी आणि एक बुरूज

किल्ला बघायला विहीणबाईही येणार आहेत हे कळल्यावर मी साधे बूट काढून ठेवले आणि चांगले घातले. विहिणीसमोर पाय दुखले तरी चालतात, वाईट दिसून चालत नाही. आयुष्यभर पार्लर चालवलेली बाई हे सांगते आहे, तेव्हा त्यात काहीतरी तथ्य असणारच.

परिस्थिती अशी होती. माझी लेक आणि जावई परदेशात नोकरी करतात. लेकीचे दिवस भरत आले होते. आम्ही दोघी, म्हणजे मुलीची आई मी आणि मुलाची आई त्या, एकाच आठवड्यात तिथे जाऊन थडकलो होतो. दोघींचीही परतीची तिकिटं रविवारची. मग एकदा जेवताना जावयाने ताटाकडे बघत सांगितलं की एकीचं तिकीट पुढे ढकलता येईल. जी राहील तिने बाळ जरा मोठं होईपर्यंत राहावं. दोघी राहिल्या असत्या, पण घरात जादा खोली एकच, आणि तीही खोली म्हणायची म्हणून म्हणायची. "कोणी राहायचं ते तुम्हीच ठरवा," लेक म्हणाली. तीसुद्धा ताटाकडेच बघत होती.

मला राहायचं होतं. अगदी मनापासून राहायचं होतं. एकुलती एक लेक पोट सावरत खुर्चीतून उठायची तेव्हा माझा जीव खालीवर व्हायचा. तिला या अवस्थेत सोडून मी तिकडे पार्लरमध्ये बसून लोकांच्या भुवया कोरणार कशी? पण हे तोंडाने म्हणायची सोय नव्हती. समोर विहीण होती, आणि विहिणीसमोर आपल्याला काहीच नको असतं.

"तुम्हीच राहा, विहीणबाई," मी म्हणायची.

"छे छे, तुमचा मान पहिला," त्या म्हणायच्या.

"मान कसला, घर तुमच्या मुलाचं."

"आणि बाळंतपण कोणाचं? तुमच्या मुलीचं."

हे असं गोडीगुलाबीने रोज चालायचं आणि दोघींपैकी एकही जण तसूभर मागे सरकत नव्हती. जादा खोलीत कोणी झोपायचं आणि बाहेर सोफ्यावर कोणी, यावरूनही हीच नाटकं. शेवटी लेकीने पाळ्या लावून दिल्या, म्हणून आम्ही झोपत तरी होतो.

अखेर वैतागून तिने शुक्रवारी आमच्या हातात दोन प्रवेशपत्रिका ठेवल्या. गावाबाहेरच्या टेकडीवर जुना किल्ला आहे, त्याच्या पागेत चित्रांचं प्रदर्शन लागलंय, दिवसभर दोन्ही बघा. "आणि संध्याकाळी येताना ठरवून या. आज रात्री तिकीट बदललं नाही तर मग दोघींना जावं लागेल," ती म्हणाली. तिच्या आवाजात तिच्या सासूबद्दलचा आदर आणि माझ्याबद्दलचा संताप असं दोन्ही मिसळलेलं होतं. असं कसं जमतं मुलींना कोण जाणे.

किल्ल्याच्या दारात एका उंच माणसाने आम्हाला एकेक यंत्र दिलं. ते कानाला लावायचं, खोलीवरचा आकडा दाबायचा, की यंत्र त्या खोलीची माहिती सांगतं. माझं यंत्र लगेच बोलायला लागलं, पण कुठल्या भाषेत ते देव जाणे. घशातून काहीतरी खरवडून काढल्यासारखी भाषा होती. परत जाऊन विचारावं असं मनात आलं, तेवढ्यात शेजारी बघितलं. विहीणबाई यंत्र कानाला लावून, डोळे बारीक करून, अशा काही एकचित्ताने ऐकत होत्या की जणू राजघराण्याचा सगळा इतिहास त्यांच्या कानातून थेट काळजात उतरतो आहे. आता मी काय विचारणार, कप्पाळ. मीही मान डोलवायला सुरुवात केली.

आम्ही सगळा राजवाडा मान डोलवत बघितला. जेवणघरातलं लांबच लांब टेबल बघितलं. एका टोकाला बसलेल्या राजाला दुसऱ्या टोकाच्या राणीकडे मीठ मागायचं तर घोडा पाठवावा लागला असेल. भाले बघितले, ढाली बघितल्या, एका काचेत कोणाचा तरी एकच मोजा बघितला. विहीणबाई मधूनमधून "हं" म्हणायच्या. मी जरा थांबून "हं हं" म्हणायची, म्हणजे मला जास्त कळलंय असं वाटावं. राजाच्या झोपायच्या खोलीत त्यांनी यंत्र ऐकता ऐकता सुस्कारा टाकला आणि म्हणाल्या, "बिचारा."

"बिचारा," मीही म्हटलं, आणि वर रुमाल डोळ्यांशी नेला.

मग आला बुरूज. त्याच्या दाराशी एक पाटी होती. पाटीवर छाती धरून वाकलेल्या माणसाचं चित्र आणि त्यावर लाल फुली. विहीणबाई चित्राकडे बघत सहज म्हणतात तसं म्हणाल्या, "मुलाच्या घरी लिफ्ट नाही ना. जी राहील तिला भाजी, सामान, बाळाची गाडी, सगळं वर चढवावं लागणार."

"हो ना," मी म्हटलं. "चढायची सवय पाहिजे."

"मला आहे सवय."

"मलाही आहे."

आणि आम्ही दोघी एकदमच दारात शिरलो. दार होतं एका माणसापुरतं. तिथे "तुम्ही आधी", "छे, तुम्ही आधी" असं करत आम्ही इतक्या पक्क्या अडकलो की मागच्या शाळकरी मुलांच्या बाईंनी आम्हाला हलक्या हाताने आत ढकललं.

जिना गोल गोल वर जाणारा. कठड्याऐवजी एक दोर. पायऱ्या किती आहेत हे विचारायचं नाही, असं मी सुरुवातीलाच ठरवलं होतं. पहिले काही वळसे आम्ही गप्पा मारत चढलो. मग गप्पा छोट्या झाल्या. मग नुसतं "हं". मग तेही बंद, आणि फक्त दोन बायकांचे श्वास, त्यातला जास्त आवाज कोणाचा ते मी इथे सांगणार नाही. भिंतीत मधूनमधून बाण मारायला ठेवलेल्या फटी होत्या. प्रत्येक फटीशी विहीणबाई थांबायच्या आणि म्हणायच्या, "काय सुंदर देखावा आहे." मीही धावत जाऊन टेकायची. "अप्रतिम," म्हणायची. प्रत्येक फटीतून तेच एक वाहनतळ दिसत होतं. आम्ही ते सगळ्या बाजूंनी, पोटभर बघितलं.

शेवटच्या वळशाला त्या थांबल्या आणि पायरीवर बसल्या.

"तुम्ही व्हा पुढे," त्या म्हणाल्या. "मी जरा ही भिंत बघते."

"काय आहे भिंतीत?"

त्यांनी भिंतीकडे नीट बघितलं. "दगड," त्या म्हणाल्या.

मला असं हसू फुटलं की दोर हातातून सुटता सुटता राहिला. पण मी थांबले नाही. दोराला लोंबकळत, उरलंसुरलं अवसान गोळा करत मी वर पोचले. वर वारा असा की सकाळी निघण्याआधी खपून केलेली केशरचना एका फटक्यात उभी राहिली. खाली नदी, लाल छपरं, मुंगीएवढ्या गाड्या, आणि त्या सगळ्यावर मी. मी दोन्ही हात वर केले. आजवर मी कोणाला कशात हरवलं नव्हतं, आणि आज हरवलं तेही विहिणीला. शाळकरी मुलांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. त्यांना कारण ठाऊक नव्हतं, पण टाळ्या टाळ्याच असतात.

खाली उतरले तर विहीणबाई तशाच पायरीवर होत्या.

"राहा तुम्ही, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "मी जाते रविवारी."

मी निदान एकदा तरी "छे छे" म्हणायला हवं होतं. शिष्टाचार म्हणून तरी. नाही म्हटलं. माझं तोंड आपोआप पसरलं आणि मला ते आवरता येईना. मी राहणार होते. माझ्या लेकीजवळ मी असणार होते. त्या गार, ओल्या जिन्यात मला नाचावंसं वाटत होतं, पण मांड्यांत गोळे आले होते.

उतरणं म्हणजे चढण्याहून कठीण. विहीणबाईंनी माझा खांदा धरला, मी दोर धरला, आणि आम्ही खेकड्यासारख्या आडव्या आडव्या खाली निघालो. समोरून चढणारे लोक भिंतीला चिकटून वाट देत होते. अर्ध्यावर विहीणबाई म्हणाल्या, "ती यंत्रं परत द्यायची असतील ना?"

"हो. तुमच्या यंत्रात काय काय सांगत होते?" मी आता उदार झाले होते. "माझं मेलं भलत्याच भाषेत बोलत होतं. मला एक अक्षर कळलं नाही."

त्या थांबल्या. "माझं सुरूच झालं नाही," त्या म्हणाल्या.

"मग तो बिचारा कोण?"

"असेलच की कोणीतरी बिचारा, एवढ्या मोठ्या घरात."

त्यानंतर आम्ही खाली कशा आलो ते मला सांगता येणार नाही. हसून हसून पुरेवाट झाली. एक वळसा तर आम्ही बसूनच उतरलो.

पागेतल्या प्रदर्शनात शिरलो तेव्हा हसू अजून पोटात उकळतच होतं, आणि तिथे सगळीकडे राण्या. भिंतभर राण्या, सरदारणी, त्यांच्या आत्या आणि मावश्या. मी पहिल्या राणीसमोर उभी राहिले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हिच्या भुवया कोणी केल्या? बाई, सगळ्याच उपटल्या."

"तोंड बघा तिचं," विहीणबाई कुजबुजल्या. "मिटलेलं. आता हिचं बघा. मिटलेलं. त्या पलीकडच्या काकूंचं बघा."

विहीणबाईंनी सगळी नोकरी एका दातांच्या दवाखान्यात केली. डॉक्टरांच्या हातात अवजारं द्यायची, रोग्याचा हात धरायचा. त्यांच्या नजरेतून बघितल्यावर मला दिसलं की त्या अख्ख्या दालनात एकही माणूस दात दाखवत नव्हता.

"गेले असणार सगळ्यांचे," त्या म्हणाल्या. "या बाईसाहेबांची उजवी दाढ दुखते आहे. गाल बघा ना कसा धरलाय."

"आणि मिशी आहे तिला. वरच्या ओठावर. चित्रकाराने सावली म्हणून खपवलीय."

"तुमच्याकडे आली असती तर?"

"पहिल्या वेळी मिशी. भुवया वाढेपर्यंत घरी पाठवलं असतं."

"मग आमच्याकडे पाठवा. दाढ काढू."

आम्ही एकेका राणीला वाटून घेतलं, वरचा अर्धा भाग माझा, खालचा त्यांचा. दालनाच्या कोपऱ्यातला रखवालदार उठून आमच्या मागे मागे चालायला लागला. त्याच्या भुवया मात्र सुरेख होत्या, हे मी विहीणबाईंना सांगितलं, आणि त्यांनी त्याचे दात दिसतात का म्हणून त्याच्याकडे बघून तोंडभर हसून दाखवलं. त्याने तोंड घट्ट मिटलं. आम्ही एकमेकींचे दंड धरून पुढच्या दालनात पळालो. मुली शाळेत असताना अशा हसतात, नंतर कुणी आपल्याला तसं हसू देत नाही. मी तर आता विहीण, सासू आणि होणारी आजी होते, आणि नाकातून आवाज काढत होते.

पुढच्या दालनात एकच मोठं चित्र होतं. पलंगावर एक थकलेली तरुण बाई, तिच्या कुशीत एवढंसं लाल बाळ. मागे एक म्हातारी हातात घडी केलेलं दुपटं घेऊन उभी होती. विहीणबाई त्या चित्रासमोर थबकल्या. मी म्हातारीच्या हनुवटीबद्दल काहीतरी बोलले, पण त्या हसल्या नाहीत.

"बाळ झालं की मला फोन करा," त्या म्हणाल्या. "व्हिडिओ नको. तो मधेच अडकतो आणि बाळाचे नुसते चौकोन होतात. तुम्हीच सांगा. रडतं कसं, कोणावर गेलंय, अंघोळीला घातलं की काय करतं. सावकाश सांगा. मला घरी ऐकायला वेळच वेळ आहे."

त्यांचे यजमान जाऊन बरेच दिवस झाले. मुलगा इकडे. घरी कुलूप उघडायचं ते त्यांनी, लावायचं तेही त्यांनीच. हे सगळं मला ठाऊक होतंच, पण ठाऊक असणं आणि ते असं समोर येऊन उभं राहणं यात फरक असतो. माझ्या घरी नवरा आहे, जो "खुशाल राहा महिनोन्‌महिने" असं जरा जास्तच उत्साहाने म्हणत होता. पार्लरमध्ये दिवसभर बायकांची बडबड. मला माझी लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर त्यांचा थोडा रागही आला. आपण जिंकल्यावर समोरच्याने असं बोलायचं असतं का?

"करीन हो फोन," मी म्हटलं.

शेवटची खोली अंधारी होती. आत एका भिंतीवर चित्रफीत चालली होती. तिच्यात उंच गवत वाऱ्याने हलत होतं, बस, दुसरं काही नाही. जमिनीवर मोठाल्या मऊ गाद्या टाकलेल्या होत्या, आणि त्या बघून आम्हा दोघींच्या तोंडून एकच आवाज निघाला. मी माझे ते चांगले बूट काढले. "जरा पाय मोकळे करू," विहीणबाई म्हणाल्या. आम्ही एकाच गादीवर आडव्या झालो. गवत डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, परत डावीकडे गेलं.

जाग आली ती रखवालदाराच्या हलक्या खाकरण्याने. तोच, सुरेख भुवयांचा. विहीणबाईंची शाल आम्हा दोघींवर होती आणि माझा पाय त्यांच्या अंगावर. पलीकडच्या गादीवर एक तरुण जोडपं तोंडावर हात दाबून बसलं होतं. रखवालदाराने भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. प्रदर्शन बंद व्हायची वेळ झाली होती. मग त्याने आमच्याकडे बोट करून हळूच घोरल्याचा आवाज काढला, आधी जाड, मग बारीक.

"तुम्ही घोरता," विहीणबाई मला म्हणाल्या.

"दोन आवाज काढले त्याने."

"मग बारीक माझा," त्या म्हणाल्या, आणि आम्हाला पुन्हा हसू आलं. त्यात रखवालदारही हसला. त्याचे दात उत्तम निघाले. विहीणबाईंनी मला ते डोळ्यांनी दाखवलं.

"पण झोप काय लागली हो," बसथांब्यावर त्या म्हणाल्या. "इथे आल्यापासून पहिल्यांदा."

मलाही तशीच लागली होती. बसमध्ये त्या माझ्या शेजारी बसून बुटांच्या नाड्या सैल करत होत्या, आणि मी खिडकीकडे तोंड करून मनाशी ठरवलं की रविवारी मी जायचं. ठरवताना बरंच रडू आलं. लेक डोळ्यांसमोरून हलेना. पण त्या चित्रातली दुपटं धरलेली बाईही हलेना.

घरी जावई संगणक उघडूनच बसला होता. लेक सोफ्यावर, पायाखाली उशी घेऊन. "ठरलं?" तिने विचारलं.

"ठरलं," दोघी म्हणालो.

"मग कोणाचं तिकीट पुढे ढकलू?" जावयाने विचारलं.

मी विहीणबाईंकडे बोट केलं. त्यांनी माझ्याकडे केलं.

लेकीने उशी उचलून बाजूला आपटली. "पुन्हा तेच? दिवसभर काय केलंत मग तुम्ही? मला वेड लावून मगच जाणार आहात का दोघी?"

"तेच नाही," मी म्हटलं. "आधी मी नुसतं म्हणत होते. आता खरंच म्हणते. राहू दे त्यांना. मी घरी गेले तर चार माणसांत जाईन. त्या कोणात जातील?"

विहीणबाईंनी तोंड फिरवलं आणि शालीचं टोक उगाच सारखं करत राहिल्या. मग त्या म्हणाल्या, "असं काही नाही हं. मुलीला आई लागते. माझं काय, मी फोनवर ऐकेन." पण त्यांचा आवाज बारीक झाला होता.

आणि मग माझी लेक रडायला लागली. पोट धरून, लहानपणी रडायची तशी, नाक वाहेपर्यंत. "आम्हाला दोघी हव्या होत्या," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. पण दोन विहिणींना एका खोलीत कसं झोपवायचं? आम्हाला विचारायचीच भीती वाटली."

"मीच म्हटलं तिला की नको," जावई म्हणाला. "उगाच भांडणं व्हायची."

"कसली भांडणं?" विहीणबाई म्हणाल्या. "आज आम्ही झोपलो की एका गादीवर. छान झोपलो."

"कुठे?"

"प्रदर्शनात," मी म्हटलं.

जावयाने आमच्याकडे बघितलं, मग संगणकावर दोन्ही तिकिटं उघडली. लेकीला रडता रडताच हसू आलं, आणि "मला हसवू नका, पोटात लाथ मारतंय," असं म्हणत ती आणखी हसत राहिली. विहीणबाई उठून जादा खोलीत गेल्या. आतून पलंग सरकवल्याचा आवाज आला, मग उशी झटकल्याचा.

"अगं ए, इकडे ये जरा," त्यांनी आतून हाक मारली. "तू भिंतीकडून झोपशील का? मला रात्री उठावं लागतं."

सासूने हाक मारली असं वाटून लेक सोफ्यावरून उठायची धडपड करायला लागली. मी तिला खांद्याला धरून परत बसवलं. "मला बोलावतेय ती," म्हटलं, आणि आत गेले.